चौदा खोके

ई-पेपरवर मी उमटवलेलं पहिलं चित्र उलटं होतं. खालचं वर नव्हे, तर काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. तरी मी टाळी वाजवली. २०१८चा मे महिना, रात्रीचे अडीच, खापरीतल्या आमच्या गाळ्यात कूलरची टाकी कोरडी पडलेली. पाच दिवस राखाडी, मख्ख बसलेला तो डिस्प्ले अचानक तीन-चारदा डोळे मिचकावल्यासारखा काळा-पांढरा झाला आणि थांबला, तेव्हा जवळजवळ अख्खा काळा होता. खाली झाडांच्या जागी तेवढे पांढरे ठिपके. मुळात तो दीक्षाभूमीच्या घुमटाचा फोटो होता. टाळी वाजवताना कोपर लागून वायर निघाली, वीज तुटली, आणि चित्र जागचं हललं नाही.

हे असं होणार हे मला माहीत होतं, त्यासाठीच तर तो डिस्प्ले आणला होता. पण पंचवीस वर्षं मी ज्या पडद्यांशी झटलो, टीव्हीची पिक्चर ट्यूब, इन्व्हर्टरवरचे लाल आकडे, कॅल्क्युलेटरचा एलसीडी, त्या सगळ्यांचा एकच नियम होता: वीज गेली की तोंड काळं. दुरुस्तीवाल्याचं निम्मं निदान त्यावर चालतं. पडद्यावर काही दिसत असेल तर मागे जीव आहे, दिसत नसेल तर काहीतरी मेलंय. पुढच्या वर्षी मी जो मार खाल्ला तो या सवयीपायी. त्या रात्री मात्र नुसताच खूश होतो.

मी सीताबर्डीवर टीव्ही दुरुस्त करायचो तेव्हा मिहान हा शब्द नागपुरात नवा होता. सरकारने २००२ साली या प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली, आणि तेव्हापासून विमानतळाच्या दक्षिणेला काहीतरी फार मोठं होणार हे आम्ही ऐकत आलो. कुणाचा मुलगा घरी बसलेला असला की पानठेल्यावर ‘मिहानमंदी लागून जाईल’ म्हणून विषय मिटवायचे. आयटी कंपन्या आल्या, विमानं दुरुस्त करायचा हँगर आला, पुढे एम्स आणि आयआयएमही आलं. तरी त्या रुंद रस्त्यांच्या कडेला बरीच वर्षं गवतच जास्त होतं. मोठ्या कंपन्यांनी मला कधी विचारलं नाही. मला काम दिलं ते त्यांच्या सावलीतल्या लहान लोकांनी. कँटीनचे टोकन, ठेकेदाराच्या गाड्यांचे टायमर, गोदामांचे गजर. त्या आशेवरच भागीदाराबरोबर खापरीत गाळा घेतला.

अशाच एका गोदामाच्या मॅनेजरांनी एक दिवस बोलावून रॅक दाखवले. प्रत्येक खान्यावर चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर मालाचं नाव आणि खोक्यांची संख्या. उन्हाळ्यात डिंक वाळून चिठ्ठ्या गळायच्या, पावसाळ्यात शाई पसरायची. एका खान्यावर तर तीन चिठ्ठ्या होत्या आणि तिन्हींवर वेगवेगळे आकडे. मॅनेजरांनी कुठल्याशा मॉलमध्ये किमतीच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या पाहिल्या होत्या. तयार पाट्यांचा भाव काढला तर विकणारा हजार नगांच्या खाली बोलेना, यांना हव्या होत्या चोवीस.

“भाऊ, जमून जाईल का?”

“जमून जाईल नं.”

नागपुरात हे उत्तर आधी देतात आणि विचार नंतर करतात. मी तेव्हा ई-पेपर हातातही धरला नव्हता.

पहिला डिस्प्ले अडीच हजारांना पडला आणि तो मी पहिल्याच दिवशी मारला. त्याला ३.३ व्होल्ट लागतात. मी वायर जोडल्या अर्डुइनो उनो या बोर्डाला, जो ५ व्होल्टची भाषा बोलतो. धूर नाही, वास नाही. टीव्ही जळताना निदान कळवतो तरी. दुसरा माझ्या हातून तुटला. या पडद्याच्या पोटात पातळ काच असते आणि मागून नखाएवढ्या रुंदीची मऊ पट्टी निघते. ती पट्टी एकाच जागी दोन-तीनदा वाकवली की आतल्या तारा तुटतात. साडेपाच हजार रुपये असे गेले, चित्राचा पत्ता नाही. भागीदार काही बोलला नाही, फक्त त्या महिन्याची वही उघडून माझ्यासमोर ठेवून गेला.

तिसऱ्यावर ते उलटं चित्र आलं. कारण साधं होतं. या पडद्याच्या चिपला १ म्हणजे पांढरा आणि ० म्हणजे काळा. आमच्या डोक्यात १ म्हणजे ‘आहे’, म्हणजे शाई. एक ओळ बदलली की काम होतं. ती ओळ बदलली आणि अख्खा डिस्प्ले पांढरा झाला, खाली झाडांचे काळे ठिपके. घुमट कुठेच नाही. घुमट पांढरा, मे महिन्यातलं आभाळ पांढरं, पाटी पांढरी. मी फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला ‘अर्ध्याहून उजळ असेल तर पांढरा, नाहीतर काळा’ असा न्याय लावला होता, आणि त्या न्यायात घुमट आणि आभाळ एकाच बाजूला गेले.

दोनच रंग असताना करडा दाखवायचा कसा, हे वर्तमानपत्र छापणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. लहानपणी भिंगातून वर्तमानपत्रातला फोटो पाहिलेल्या प्रत्येकाने ते ठिपके पाहिलेत. कॉम्प्युटरसाठी त्याची एक नामी रीत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ साली मांडली. एखादा करडा ठिपका तुम्ही पांढरा धरला तर तेवढी चूक झाली. ती चूक गिळायची नाही, शेजाऱ्यांना वाटून द्यायची. उजवीकडच्याला सोळातले सात भाग, खालच्या ओळीतल्या तिघांना तीन, पाच आणि एक. शेजाऱ्याचा निवाडा करताना ती उधारी त्याच्या खात्यात धरायची. मी ते वीस-पंचवीस ओळींत लिहिलं आणि घुमट उमटला, कडेला सावलीची बारीक रवाळ झाक घेऊन. हात लावून पाहिला. वाटलं खडबडीत लागेल.

मेमरीचा हिशोबही तिथेच शिकलो. चारशे गुणिले तीनशे म्हणजे एक लाख वीस हजार ठिपके. एका बाइटात आठ बसवले तरी १५,००० बाइट. आणि उनोच्या चिपकडे कामाची मेमरी २,०४८ बाइट. पोतंभर ज्वारी डब्यात कशी मावणार? मग चित्र प्रोग्रामच्याच जागेत, त्या ३२ किलोबाइटच्या कोठीत कोंबायचं आणि तिथून एक-एक बाइट काढून डिस्प्लेकडे सरकवायचा. मधे कुठे साठवायचंच नाही. डिस्प्लेच्या स्वतःच्या चिपमध्ये अख्खं चित्र मावतं, तो तिथे जमवतो आणि शेवटी ‘आता दाखव’ म्हटलं की दाखवतो. एक चित्र असं मावलं. दुसरं ठेवायला गेलो तर कोठी भरली. तेव्हा उनो बाजूला ठेवून ईएसपी३२ घेतला. मेमरी भरपूर, वाय-फाय पोटातच.

या पाटीच्या आत काय आहे ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी दुखणी तिथून निघतात. केसाच्या जाडीएवढ्या असंख्य बारीक कुप्या, त्यांत पारदर्शक तेल, तेलात दोन तऱ्हेचे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. काळे कण कार्बनचे, काजळीच म्हणा. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. मागून १५ व्होल्ट एका बाजूने दिले की पांढरे वर येतात, उलटे दिले की काळे. मग वीज काढा. कण आहेत तिथे तेलात बसून राहतात. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत निक शेरिडन यांनी अर्धा काळा, अर्धा पांढरा मणी तेलात फिरवून पाहिला होता. कुप्यांची युक्ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ जेकबसन यांची आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची. त्यातून १९९७ साली ई इंक ही कंपनी निघाली. दहा वर्षांनी किंडल आलं तेव्हा लोकांना ई-पेपर एकदम जन्मल्यासारखा वाटला.

म्हणजे हा पडदा दिवा नव्हे. खरोखरचा रंग इकडून तिकडे ढकलायचा असतो, आणि रंगाला वेळ लागतो. काळ्या-पांढऱ्या डिस्प्लेला दोन सेकंद, लाल रंग असलेल्याला पंधरा. त्या वेळात तो काळा-पांढरा लुकलुकतो, जुने चिकटलेले कण झटकून मोकळे करतो. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस घाबरतो. गोदामातला एक हमाल म्हणाला होता, “काऊन भाऊ, याचं डोकं फिरलं का?” लुकलुक नको म्हणून फक्त बदललेला भाग पटकन रंगवायचीही सोय असते. पण तसं आठ-दहा वेळा केलं की मागचे आकडे भुतासारखे खाली दिसायला लागतात. तिनावर आठाची सावली. मग एकदा पूर्ण लुकलुकू द्यावंच लागतं. आणि काम झालं की त्याला झोपेची आज्ञा द्यायची. ती मी एका पाटीत विसरलो होतो. तिच्यावर उच्च दाब तसाच चालू राहिला आणि आठवड्यात ती कायमची मळकट झाली.

डिस्प्लेला ‘बिझी’ नावाची एक तार असते. मी रंगवतोय, मधे बोलू नका, एवढंच ती सांगते. मला ती निरुपयोगी वाटली होती. तिच्याऐवजी मी तीन सेकंद थांबायचो आणि चालायचं. मग पाट्यांची दुसरी खेप आली. तोच आकार, तीच पट्टी, मागे तोच छाप. काहीच दिसेना. चार दिवसांनी कळलं की आतली चिप वेगळी आहे, तिची बोलीच निराळी. पहिलीची बिझी तार रंगवताना वर असायची, हिची खाली. सारखी दिसणारी वस्तू सारखी असते हा समज मी तेव्हापासून सोडला. माल आला की आधी प्रत्येक खेपेतली एक पाटी चालवून बघतो, मगच पैसे देतो.

आणखी दोन दिवस एका लहान डिस्प्लेने खाल्ले. २५० गुणिले १२२ ठिपक्यांचा. चित्र आलं ते तिरपं, वाऱ्याने झोडपलेल्या पावसासारखं. मी वायर बदलल्या, वेग कमी केला, डाग पुन्हा दिले. शेवटी पाटीवर बोटाने ओळी मोजताना डोक्यात आलं की १२२ला आठने भाग जात नाही. सव्वापंधरा बाइट होतात आणि चिपला सव्वा कळत नाही, ती ओळीला सोळा घेते. मी सलग ठिपके पाठवत होतो, त्यामुळे प्रत्येक ओळ सहा ठिपक्यांनी सरकत गेली. हे मुलांना सांगितलं की हसतात. मीही हसतो. तेव्हा रडकुंडीला आलो होतो.

आता माझ्याकडे हिंगण्याच्या कॉलेजातली मुलं प्रोजेक्टसाठी येतात आणि पहिलं वाक्य असतं, “सर, कोड द्या नं.” मी फोटो लावू देत नाही. आधी चार कोपऱ्यांत चार वेगळ्या खुणा काढा: एकात ठिपका, एकात फुली, एकात चौकोन, एकात नुसती आडवी रेघ. त्या चार खुणा नीट आल्या तर उलटं, आडवं, आरशातलं, तिरपं, सगळे रोग एका नजरेत कळतात. फोटोत चूक लपते, फुलीत लपत नाही. मुलांना हे बालवाडीतलं वाटतं. त्यातली निम्मी दुसऱ्या दिवशी फोटोच लावून येतात.

गोदामातल्या पाट्यांवर मजकूर मराठीत हवा, असा आग्रह तिथल्या स्टोअरकीपर बाईंचा होता. माल उतरवणाऱ्या लोकांना इंग्रजी आकडे वाचता येतात, नावं नाही. मला वाटलं, फाँट टाकला की झालं. पहिली पाटी लावली तेव्हा ‘किंमत’मधली वेलांटी क-च्या मागे, अनुस्वार एकटाच कुठे तरी, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून सगळीकडे हलन्त. बाई शांतपणे म्हणाल्या, “हे कोणत्या देशातलं मराठी?” इंग्रजी अक्षरं रांगेत उभी राहतात, आपली एकमेकांच्या खांद्यावर चढतात, लहान चिपवरच्या लायब्ररीला हे चढणं येत नाही. शेवटी अक्षर पाठवणंच सोडलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ओळ नीट जुळवायची, तिचं चित्र करायचं आणि चित्र पाठवायचं. चिपला ते मराठी आहे की घुमट, याच्याशी देणंघेणं नाही.

तरी भांडण संपलं नाही. बारीक फाँटची शिरोरेघ एका ठिपक्याची होते आणि मधेच तुटते. दुरून ‘म’ आणि ‘भ’ सारखे दिसतात. म्हणून जाड फाँट. आणि ‘कोपऱ्यातला’ हा शब्द. आपला तो चंद्रकोरीसारखा र, जो हिंदीवाल्यांना लागत नाही, तो कधी रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. रफार दिसला की बाई ती पाटी उतरवून माझ्या हातात द्यायच्या. तो र नीट यावा म्हणून मी घालवलेला दिवस बिलात लावता आला नाही, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही.

२०१९च्या जूनमध्ये चोवीस पाट्या लावल्या. मेट्रो मार्चमध्येच खापरीपर्यंत सुरू झाली होती. मी सक्करदऱ्याला राहतो, बर्डीपर्यंत ऑटो आणि पुढे मेट्रो. गोदाम सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या आत. २००५च्या कायद्याप्रमाणे सेझ हा सीमाशुल्काच्या हिशोबाने देशाबाहेरचा मुलूख, त्यामुळे गेटवर डिस्प्ले किती, बॅटऱ्या किती, परत किती नेणार, सगळं लिहून द्यायचं. घरी मी सांगायचो, वीस रुपयांत विदेशात जाऊन येतो.

व्यवस्था अशी होती: पाटीमागचा बोर्ड दर अर्ध्या तासाने जागा होणार, वाय-फायवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला विचारणार, चित्र बदललं असेल तर रंगवणार आणि पुन्हा झोपणार. बॅटरी १,००० मिलिअँपअवरची. झोपेत चिप १० मायक्रोअँप खाते असं तिच्या कागदावर लिहिलेलं. जागं होऊन वाय-फाय धरायला चार सेकंद धरले. हिशोब मांडला, पाच महिने. मॅनेजरांना सांगितलं, दिवाळीपर्यंत बघायला नको.

पंधराव्या दिवशी सहज गेलो. चोवीसच्या चोवीस पाट्या टवटवीत. अक्षर काळंभोर, कुठे भूत नाही. मी रॅकसमोर उभं राहून फोटो काढला आणि भागीदाराला पाठवला. त्याने पहिल्यांदाच अंगठा पाठवला.

अठराव्या दिवशी फोन आला. “भाऊ, तुमची पाटी १४ खोके दाखवून राहिली, अन् रॅकमध्ये तीनच हायेत.” पाटीवर विसंबून त्यांनी गाडी मागवली होती. गाडी भाडं घेऊन अर्धी रिकामी गेली, आणि पलीकडे ज्याला माल हवा होता त्याचं काम अडलं. मी धावत गेलो. पाटी उचलून मागे मीटर लावला. बॅटरी मेलेली. शेजारची मेलेली. चोवीसही मेलेल्या, आणि आठेक दिवसांपासून. मी फोटो काढला तेव्हाही त्या मेलेल्याच होत्या.

चूक दोन ठिकाणी होती. एक, चिपच्या कागदावरचे १० मायक्रोअँप नुसत्या चिपचे होते. मी लावला होता बाजारातला तयार बोर्ड. त्यावर एक लाल दिवा सतत जळत होता, व्होल्टेज उतरवणारी चिप होती, यूएसबीची चिप होती. सगळे मिळून चार मिलिअँप, झोपेतसुद्धा. हजाराला चाराने भागा: अडीचशे तास. वाय-फायचा खर्च धरला की दहा दिवसही भरत नाहीत. माझ्याकडे मीटर होता, पंचवीस वर्षांपासून आहे, आणि मी तो एकदाही मधे लावला नव्हता. कागदावर विश्वास ठेवला.

दुसरी चूक मला जास्त झोंबली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नोंद होत होती: कोणत्या पाटीने कधी विचारलं. दहाव्या दिवसानंतर ती वही कोरी होती. मी ती उघडलीच नाही, कारण पाट्या दिसत होत्या. पडदा दिसतोय म्हणजे मागे जीव आहे. जुनी चिठ्ठी निदान पिवळी पडते, कोपऱ्यातून उचकटते, माणसाला शंका येते. माझी पाटी मेल्यावरही इस्त्री केल्यासारखी होती. मॅनेजर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “चिठ्ठी खोटी असली तर लिहिणाऱ्याला विचारता येत होतं.” गाडीचं भाडं मी दिलं. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी दिलं.

पाट्या उतरवून गाळ्यात आणल्या. लाल दिवे डाग काढून उडवले, व्होल्टेजची चिप बदलून कमी खाणारी लावली, यूएसबीची बोर्डावरून काढूनच टाकली. मधे मीटर लावून प्रत्येक पाटीचा आकडा तिच्या मागे पेनने लिहिला. रात्री गोदाम बंद असतं तेव्हा पाट्यांनाही झोपू दिलं, दिवसा दोन तासांनी जागं केलं. या वेळी मॅनेजरांना महिने सांगितले नाहीत. त्या बॅटऱ्या सात महिन्यांहून जास्त चालल्या.

पण खरा बदल चित्रात केला. उजव्या खालच्या कोपऱ्यात, आकड्याएवढ्याच जाडीत, तारीख आणि वेळ: हे कधी लिहिलं. आकडा बदलला नाही तरी दुपारी एकदा पाटी पुन्हा रंगवायची, म्हणजे त्यानंतरही कालची तारीख दिसली की मीटर न लावताही काहीतरी बिघडल्याचं कळेल. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचा उपयोग करून दाखवला. एक राउटर बंद पडला होता, तो मला कळायच्या आत त्यांना कळला. आणि बॅटरी उतरत आली की, शेवटचं एकदा रंगवण्यापुरती ताकद उरलेली असतानाच, बोर्डाने आकडा पुसून मोठ्या अक्षरात लिहायचं: ‘बॅटरी संपली. मोजून घ्या.’ हे लिहून तो मरतो. त्या चार शब्दांसाठी बॅटरीचा शेवटचा हिस्सा राखून ठेवायचा, हे भागीदाराला उधळपट्टी वाटलं. त्यावर आमचं बरंच वाजलं. मी ऐकलं नाही.

ऋतूंनी वेगळं शिकवलं. कागदावर या पाट्यांची मर्यादा शून्य ते पन्नास अंश. नागपूरकराला पन्नास हा आकडा लांबचा वाटत नाही. २३ मे २०१३ला आमच्याकडे पारा ४७.९वर गेला होता, आणि तो सावलीतला. पुढे एका ठेकेदाराच्या टिनाच्या शेडमध्ये पाट्या लावल्या, तिथे दुपारी वरच्या रांगेतल्या पाट्यांची पार्श्वभूमी राखाडी व्हायची, संध्याकाळी पुन्हा रंगवल्यावर सुधारायची. आम्ही वरची रांग काढून खाली घेतली. यापेक्षा शहाणा उपाय मला आजही माहीत नाही. थंडीत उलटं. तेल गार झालं की कण मंदावतात, त्यांना जास्त वेळ ढकलावं लागतं. तापमान बघून किती वेळ ढकलायचं ते चिप स्वतः ठरवते. पण डिसेंबरच्या सकाळी माझी अक्षरं फिकी येत होती, कारण लवकर रंगवावं म्हणून मी कुणाच्या तरी नमुन्यातून उचललेल्या एका ओळीत चिपला खोटंच सांगितलं होतं की बाहेर कडक ऊन आहे. ती बिचारी मे महिन्याच्या हिशोबाने कण ढकलत होती.

आता हे काम बरंच वाढलं आहे. गोदाम पुढे दुसऱ्या जागी गेलं आणि तिथे तयार पाट्या घेतल्या गेल्या; मला राग नाही, त्यांना आता हजार लागतात. माझ्याकडे लहान कामं येतात: दवाखान्याच्या खोल्यांच्या पाट्या, एका मंगल कार्यालयाचा फलक, कुणाच्या शेतातला ओलाव्याचा आकडा. घराच्या गच्चीवरही एक तापमानाची पाटी लावली होती. ३० मे २०२४ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, सगळीकडे बातमी झाली आणि मग हवामान खात्याने तो सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या दिवशी शेजारचे आजोबा जिना चढून माझी पाटी बघायला आले. त्यांनी आकड्याकडे नंतर पाहिलं. आधी चष्मा सारखा करून कोपऱ्यातली वेळ वाचली. मी काही शिकवलं नव्हतं त्यांना.

कुणी हे करायला घेणार असेल तर माझं सांगणं एवढंच: चार खुणांपासून सुरुवात करा, मीटर स्वतः लावा, आणि चित्र कितीही सुंदर येवो, त्यावर ते कधी काढलं ते लिहा. जागा पुरत नसेल तर फोटो लहान करा.

त्या चोवीसांतली एक पाटी मी दुरुस्त केली नाही. गाळ्याच्या दारावर खिळ्याला टांगली आहे. मागचा बोर्ड काढून दुसरीकडे वापरला, बॅटरी फेकली. आता नुसती काच आणि लोंबणारी पट्टी. इतक्या उन्हाळ्यांनी पांढरा भाग पिवळट झालाय, कोपऱ्यात तारीख नाही. आकडा वाचता येतो. १४ खोके.